दाजींचं अडेलतट्टू पिस्तूल

वस्तूंवर इतका अविश्वास आणि वस्तूंवरच इतका जीव असलेला माणूस माझ्या दाजींखेरीज या जगात दुसरा झाला नसेल, आणि कुठं झालाच असेल तर देव त्याच्या मेव्हणीला बळ देवो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आम्ही मूळचे निपाणीकडचे. आता जे. पी. नगरात एकाच इमारतीत खाली अक्का-दाजी आणि वर मी, असा मुक्काम आहे. दाजींची उभी हयात बोम्मसंद्र्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. समोर येणारा प्रत्येक सुटा भाग उचलायचा, डोळ्यांशी धरायचा, मोजायचा, आणि पास की रिजेक्ट ते सांगून टाकायचं. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. अक्कानं इडलीपात्र उघडलं की हे गृहस्थ गरम इडली तळहातावर उलटी करून बघतात. "ही मधनं बसलीया. रिजेक्ट." त्या नापास इडल्या अक्का मुकाट वर माझ्याकडं पाठवते आणि मी मुकाट खाते. माझ्या वजनाचं खापर मी दाजींच्या नोकरीवर फोडते, आणि ते योग्यच आहे.

दोष शोधायची दाजींची एक ठरलेली रीत आहे. सगळं जग बोटांवर मोजताना करंगळीपासून सुरुवात करतं, हे अंगठ्यापासून करतात. अंगठा म्हणजे माल. त्याच्या शेजारचं बोट यंत्र. मधलं बोट पद्धत. त्यानंतरचं हवा, धूळ, ओल. आणि सगळ्यात शेवटी करंगळी, ती म्हणजे माणूस. "जगातला सगळा दोष ह्या पाचात बसतोय बघ धाकटे," असं ते मला सांगतात. मी चाळिशी कधीच ओलांडली, तरी यांच्या लेखी धाकटीच. करंगळी शेवटी का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा म्हणाले, "कारखान्यात काय बी बिघडलं की साहेब लोक पयल्यांदा माणसाला धरत्यात. माणूस गरीब असतंय, उलट बोलत नाही. म्हणून आधी चार बोटं नीट तपासायची. चारीत काय नाही घावलं, तरच करंगळीला हात लावायचा." हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. तो आदर त्याच संध्याकाळी संपला, कारण आमचा मिक्सर बंद पडला होता आणि दाजींनी अंगठ्यापासून सुरुवात केली, म्हणजे खोबरं कुठल्या दुकानातून आणलं ते विचारलं. प्लग लावलेला नव्हता, हे कळायला जेवणाची वेळ टळून गेली.

अशा माणसाच्या हाती पिस्तूल पडलं. कॉलेजात असताना एन.सी.सी.त त्यांनी नेमबाजी केली होती आणि म्हणे बरी केली होती. निवृत्तीनंतर त्यांना ती पुन्हा आठवली. शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबाचे ते सभासद झाले, आणि क्लबातलाच एकजण खेळ सोडत होता म्हणून त्याचं जुनं, स्वस्तातलं पॉइंट बावीसचं पिस्तूल यांनी रीतसर परवाना काढून घेतलं. परवान्याच्या चौकशीला पोलीस आले तेव्हा शेजारच्या मामींनी अक्काला हळूच विचारलं, "तुमच्या यजमानांना कुणापासून धोका आहे का हो?" अक्का म्हणाली, "त्यांच्यापासून इडलीला आहे."

हे पिस्तूल आपोआप भरणारं. एक गोळी उडाली की त्या धक्क्यानं वरचा भाग, त्याला स्लाइड म्हणतात, मागं सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढं येताना खालच्या मॅगझिनमधली नवी गोळी नळीत ढकलतो. म्हणजे असं व्हायला पाहिजे. दाजींच्या पिस्तुलात पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी वरच्या फटीच्या तोंडातच उभी अडकायची, पान खाऊन चुना मागत बसल्यासारखी. कधी नवी गोळी वर चढायचीच नाही. कधी चाप ओढला की नुसताच टक्‌ आवाज यायचा, आणि दाजी असे बघायचे जणू कुणी तोंडावर त्यांचा अपमान केला आहे. सुरुवातीची वर्षं ते स्वस्तातल्या वस्तूनं जेवढं अडावं तेवढंच अडायचं. गेल्या दोनेक वर्षांत मात्र पार अडेलतट्टू झालं. आणि दाजी खुलले! रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरायचं, पिस्तूल रिकामं आहे याची स्वतः खात्री करायची, मग आम्हा दोघींना नळीतून बघायला लावून ती पुन्हा करून घ्यायची, आणि मग एकेक भाग सुटा करून मांडायचा. अक्का म्हणायची, "माझ्या बाळंतपणात सुद्धा एवढी माया केली नव्हती हो ह्यांनी."

अंगठ्यापासून सुरुवात झाली. माल, म्हणजे काडतुसं. स्वस्तातली सोडून चांगली घेतली, चांगली सोडून आणखी चांगली घेतली. पिस्तुलाला फरक कळला नाही. मग यंत्र. मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या कडा, वाकलेत, असं ठरलं. ते क्लबाच्या कारागिराकडून सरळ करून घेतले. मग स्प्रिंग मऊ पडलीय असं ठरलं, आणि मला यशवंतपूरला नेण्यात आलं. तिथं कारखान्यांच्या एका बोळात एक स्प्रिंगवाला होता. दाजींनी मॅगझिनची स्प्रिंग दाखवून कानडीत तासभर तिची कुंडली सांगितली. तो बिचारा दर वाक्याला "सरी, सरी" म्हणत होता आणि शेवटी विचारता झाला, "अण्णा, हे कुठल्या मिक्सरचं?" त्यानं करून दिलेली स्प्रिंग इतकी कडक निघाली की मॅगझिनमध्ये गोळी जाईचना. दाजी हिरमुसले, जुनीच परत बसवली, पण यशवंतपूरचा कांदा मात्र स्वस्त मिळाला.

मग पद्धत. तेल कमी पडतंय म्हणून शिलाई मशीनचं तेल जास्त घातलं. त्यात धूळ बसायला लागली म्हणून तेल बंद केलं. अक्काचा नवा टूथब्रश नळी पुसायला गेला. ती चिडली, तर दाजी शांतपणे म्हणाले, "तुझा ब्रश पास झाला होता. माझा रिजेक्ट." त्यानंतर आली ओल. निवडणुका जाहीर झाल्या, आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची तशी दाजींनी हे पिस्तूल जमा केलं. खेळाडूंना सूट मिळते, अर्ज करा, असं क्लबातले सांगत होते. पण नियम म्हटला की दाजी त्याच्या दोन पावलं पुढंच उभे असतात. मग काय, आमच्या घरात सुतक! दर दोन दिवसांनी ठाण्यात जायचं आणि हवालदाराला विचारायचं, "ओलीला तर ठेवलं नाही न्हवं?" शेवटी तो हवालदार वैतागून म्हणाला, "अण्णा, आत बायकोला ठेवल्यागत काय रोज येता?" निकाल लागले, कुणाचं सरकार आलं ते दाजींना विचारायचं भान नव्हतं, पिस्तूल घरी आलं. पहिल्याच रविवारी पुंगळी पुन्हा तोंडात उभी. "बघितलंस? ओल," दाजी म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

एवढ्यावर थांबले असते तर दाजी कसले? गेल्या वर्षभरात सगळ्या जगाचाच दर्जा घसरला, असं त्यांचं मत झालं. शर्टाची काजं हल्ली लहान करतात, गुंड्या जातच नाहीत. रिजेक्ट. लोणच्याच्या बरणीची झाकणं मुद्दाम घट्ट बसवतात. रिजेक्ट. कुलपाच्या किल्लीला धार नाही, पेनाला पकड नाही, चहाच्या कपाचा कान अरुंद. गाडीचा गिअर तर इतका जड झाला की त्यांनी गाडी चालवणंच सोडलं, आणि दर रविवारी त्यांना क्लबात नेऊन आणायचं काम माझ्या गळ्यात आलं. त्याच गाडीत मी एका हातानं गिअर टाकत असायची आणि हे शेजारी बसून गिअर कसा बिघडलाय ते समजावत असायचे. मी हसायची. घरी येऊन अक्काला नक्कल करून दाखवायची, तीही हसायची. आता ते सगळं आठवलं की तोंड कडू होतं.

क्लबात दाजींचं नाव पडलं होतं हँड्स-अप अण्णा. त्याचं कारण असं. मॅचमध्ये पाच गोळ्यांची एक फेरी असते, ठरलेल्या वेळात मारायची. मध्येच पिस्तूल अडलं तर ते तसंच निशाण्याकडं धरून मोकळा हात वर करायचा. मग रेंजचे मास्टर येऊन बघतात. दोष पिस्तुलाचा असला तर फेरी पुन्हा मारायला मिळते. दोष माणसाचा असला तर उरलेल्या गोळ्यांना शून्य. दाजींचा डावा हात इतक्यांदा वर जायचा की एका नव्या मुलीला वाटलं, ही यांची उभं राहायची पद्धतच आहे. मास्टर कोडगूकडचे, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, भला माणूस. दर वेळी येत, अडकलेली पुंगळी बघत, मान हलवत आणि म्हणत, "अण्णा, फिर से." दाजींचं एकच मागणं होतं. ज्येष्ठांच्या गटाची निवड व्हायची होती, राज्याच्या स्पर्धेला जाण्यासाठी. "निवड होऊ दे, न होऊ दे," ते मला म्हणाले, "पर धाकटे, एकदा तरी अख्खी मॅच हात वर न करता संपवायची हाय मला. तेवढं झालं की बास."

आता माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची. मीही दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुकाच शोधते, फरक इतकाच की मला कुणी अण्णा म्हणत नाही. आमच्याकडं एक साधी शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, म्हणजे दोष कुठं आहे ते कळतं. निवडीच्या आधीच्या रविवारी दाजी गाडीत पुन्हा अंगठ्यापासून मोजायला लागले, आणि माझा संयम सुटला. मी म्हणाले, "दाजी, तुम्ही गोळ्या बदलल्या, स्प्रिंग बदलली, तेल बदललं, पोलीस ठाण्याची हवा सुद्धा बदलून झाली. आता एकच करा. पिस्तूल हेच, मॅगझिन हेच, गोळ्या याच. फक्त मारणारा बदला. सुभेदार सरांना मारू दे." मी हे वैतागून म्हणाले हो. मला तो विषय एकदाचा संपवायचा होता. मला वाटलं, त्यांच्याही हातात अडेल, पिस्तूल भंगारात जाईल आणि माझे रविवार मला परत मिळतील.

दाजींना ती शिस्त एकदम पटली. तपासणीवाला माणूस! "हे आदीच करायला पायजे होतं की," म्हणाले. रेंजवर जाऊन त्यांनी स्वतः मॅगझिन भरलं आणि सुभेदारांच्या पुढं ठेवलं. सुभेदारांनी पाच गोळ्या मारल्या. पुंगळ्या एकामागोमाग एक उजवीकडं उडाल्या आणि फरशीवर टणटणल्या. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. दाजींचा चेहरा आधी उजळला. वाटलं असेल, आलं बाई वळणावर. त्यांनी पिस्तूल घेतलं, त्याच मॅगझिनमध्ये त्याच डब्यातल्या गोळ्या घातल्या आणि मारली. दुसऱ्याच गोळीला पुंगळी तोंडात उभी. सुभेदारांनी ती काढली, उरलेल्या गोळ्या स्वतः मारल्या. एकही अडली नाही. शेवटी सुभेदार खालच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, पिस्तूल सरी इदे." पिस्तूल ठीक आहे. मग मला हिंदीत सांगायला लागले, कारण दाजींकडं बघून सांगणं त्यांना जमेना. मनगट नि मूठ घट्ट असली तरच स्लाइड पुरती मागं जाते. मूठ ढिली पडली की सगळं पिस्तूलच हातासकट मागं जातं, आणि स्लाइड अर्ध्यात राहते. "दो साल से देख रहा हूँ, मॅडम. बोलने का मन नहीं हुआ."

दाजी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, ते ठेवून खुर्चीवर बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. कारखान्यात सुटा भाग बघायचे तसं त्याच्याकडं बघितलं. मग मूठ वळली. अंगठा वळला, पहिलं बोट वळलं, मधलं वळलं. चौथं अर्ध्यात थांबलं, आणि करंगळी वळलीच नाही. ती तशीच बाजूला उभी राहिली, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखी. अंगठ्याच्या नि पहिल्या बोटाच्या मधलं मांस पार उतरून तिथं खळगा पडला होता. मी दर आठवड्याला या हाताशेजारी बसून गाडी चालवत होते आणि मला तो दिसला नव्हता. "चार बोटं तपासली," दाजी म्हणाले. "करंगळीच ऱ्हायली होती."

गुंड्या, झाकणं, किल्ल्या, पेनं, गिअर, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं येऊन उभं राहिलं. सगळी नापास केलेली दुनिया चांगली होती. रडू आवरेना म्हणून मी पाण्याची बाटली भरायला गेले.

डॉक्टरांनी सांगितलं की कोपरापाशी शीर दबली आहे, बरेच दिवस दबली आहे. ऑपरेशन केलं तर पुढचं नुकसान थांबेल, गेलेली ताकद परत येईल असं धरून चालू नका. लवकर आला असता तर, असं ते म्हणायला लागले, तेव्हा दाजींनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "आधी माणसाला धरायचं नसतंय, डॉक्टर." डॉक्टरांना काहीच कळलं नाही. अक्काला सगळं कळलं. तिनं घरी येऊन इडल्या केल्या, दाजींनी एकही उलटी करून बघितली नाही, आणि त्या दिवशी वर माझ्याकडं काही आलं नाही.

मी म्हटलं, डाव्या हातानं मारायला शिका. तर म्हणाले, "आनी मग वर कुठला करू?" स्वतःच हसले. मी आणि अक्कानं परोपरीनं सांगितलं की निवडीला जाऊ नका. कशाला जिवाला त्रास? ऐकतील तर शपथ. नाव दिलंय म्हणजे जायचं. सकाळी शर्टाच्या गुंड्या अक्कानं लावल्या. त्यांनी मान वर धरून लावून घेतल्या आणि काजांबद्दल चकार शब्द काढला नाही.

फेरी सुरू झाली. पहिली गोळी गेली, बरी लागली. दुसरी गेली. तिसऱ्याला पुंगळी तोंडात उभी राहिली. मी मागं प्रेक्षकांत बसून बघत होते. सुभेदारांनी सवयीनं दोन पावलं त्यांच्याकडं टाकलीसुद्धा. मला ठाऊक होतं, दाजींनी डावा हात वर केला असता तर त्यांनी नेहमीसारखी मान हलवून "फिर से" म्हटलं असतं. कुणीही हरकत घेतली नसती. सगळ्या रेंजला ते हवंच होतं. दाजी पिस्तूल निशाण्याकडं धरून उभे राहिले. डावा हात खिशात होता, तो खिशातच राहिला. वेळ संपल्याची शिटी झाली. दुसऱ्या फेरीत पुन्हा अडलं, पुन्हा ते तसेच उभे राहिले. तिसऱ्या फेरीतही तेच. शून्यं पडत गेली, आणि सुभेदार दर फेरीला एक पाऊल पुढं टाकून माघारी फिरत गेले. शेवटच्या फेरीपर्यंत दाजी जागचे हलले नाहीत. हात वर करून खोटं सांगायचं त्यांना जमलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासलेला माणूस, त्याच्या स्वतःच्या बाबतीत निराळा नियम कसा लावणार होता?

निकालाच्या तक्त्यात त्यांचं नाव सगळ्यांत खाली होतं. सुभेदारांनी खाली बसून पुंगळ्या गोळा केल्या आणि दाजींच्या पेटीत ठेवल्या. परत येताना वाहतूक खोळंबली होती, म्हणजे रोजच्यासारखीच. माझा गिअर अडला, तर मी उगाचच म्हणाले, "गिअर खरंच जड झालाय हो, दाजी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. कधी नव्हे ते माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच उजवा हात. त्याचं वजन लागलंच नाही.

"गिअर पास हाय, धाकटे," ते म्हणाले. मग सिग्नल सुटला तसं म्हणाले, "अक्काला सांग. अख्खी मॅच संपवली म्हणावं, एकदा बी हात वर न करता."